काडीएवढा फरक

ईदच्या किंवा नाताळच्या दिवशी आमच्या भागात कुणी पुढारी बोलायला उभा राहिला की एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.’ टाळ्या पडतात, शिरखुर्म्याच्या नाहीतर केकच्या बशा फिरतात आणि पुढारी पुढच्या गावच्या कार्यक्रमाला निघतो. वाक्यात वाईट काही नाही. पण ज्यांच्याबद्दल ते म्हटलं जातं त्यांना ते पटलेलं नसतं. दिवसातून पाच वेळा नमाज पढणारा आणि दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारा, दोघंही माना डोलावतात ते पाहुण्याचा मान राखायचा म्हणून. आपण एकच सांगत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवरची मंडळी. त्यांच्या लेखी ‘ते दोघे’ म्हणजे एकच गाठोडं : बाहेरून आलेले, एकच देव मानणारे, एकच पुस्तक मानणारे, मेल्यावर पुरणारे. एकदा गाठ मारली की आत काय आहे ते उघडून बघायचा प्रश्न उरत नाही. पुढारी प्रेमाने बघायचं टाळतो आणि ही मंडळी रागाने टाळतात, एवढाच काय तो फरक.

मी रेवदंड्याचा. इथे टाळायचं म्हटलं तरी जमत नाही. साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की जरा पुढे कोर्लई. तिथल्या किल्ल्याखालच्या वस्तीत कॅथलिक कुटुंबं अजून घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात, तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. बोली मागे राहिली. तोच रस्ता काशीद, नांदगाव करत मुरूडला जातो. पुढे राजपुरीच्या खाडीत सिद्दींचा जंजिरा, १९४८ पर्यंत वेगळं संस्थान. आणि रेवदंड्याला लागून चौल. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी तिथे येऊन गेला आणि या बंदरात हजारो मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सातशे वर्षं इथे अजान होत होती, आणि ती गलबतांतून उतरलेल्या व्यापाऱ्यांनी आणली होती. इस्लाम तलवारीच्या जोरावर आला हे देशावरचं वाक्य किनाऱ्यावर आणलं की लंगडायला लागतं. ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आला, पाद्री आणि तोफा एकाच जहाजातून. तेही सांगितलं पाहिजे.

आमच्या नानांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. दोन्ही धर्म मी आधी पाहिले ते कापडात. पुस्तकांतून वाचले ते फार नंतर. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशीन मध्यरात्रीपर्यंत बंद होत नसे, नाताळच्या आधीही तेच. कोर्लईकडून बाप्तिस्म्याची झबली यायची, पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मुली घालतात ते पांढरे फ्रॉक यायचे. त्यांची लेस नाना स्वतः लावायचे, कारागिराच्या हाती देत नसत. लग्नाचे गाऊन यायचे. आणि कधीकधी रात्री उशिरा कुणी तरी सूट घेऊन यायचं. घरातलं माणूस गेलेलं असे. दीर्घ आजाराने ते वाळलेलं, आणि ठेवणीतला सूट त्याला ढगळ होत असे. नाना कंदिलाच्या उजेडात कोट दोन्ही बाजूंनी आत घ्यायचे, पँटची कंबर कमी करायचे, इस्त्री फिरवून द्यायचे. त्या शिलाईचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

मुसलमान घरांतून असं बोलावणं कधीच आलं नाही. कफनाला शिलाई नसते. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच; कोरं पांढरं सुती कापड, मापात फाडलेलं. हजला जाणाऱ्या पुरुषाचा एहराम म्हणजे दोन चादरी, त्यांनाही टाका नाही. नाना म्हणायचे, “यांच्यात देवापुढे जायच्या वेळी शिंप्याला काम नाही बघ.” गिऱ्हाइकाबद्दलचं हे त्यांचं व्यावसायिक निरीक्षण होतं, पण पुढे मी जे काही वाचलं त्याची सुरुवात तिथून झाली.

देवापुढे एक जण कपडे उतरवून जातो आणि एक जण घालून जातो. एहरामात कोण कुवेतहून आलेला कंत्राटदार आणि कोण त्याच्याकडचा गवंडी हे ओळखू येत नाही, यायचंच नसतं. अल्लाहपुढे माणूस बंदा आहे, बाकी सगळं इथेच ठेवून जायचं. उलट बाप्तिस्म्यात पाण्याबरोबर पांढरं वस्त्र येतं. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केलं आहे, असं संत पॉलने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. म्हणजे ते झबलं नुसती हौस नाही. माणसाकडे मुळात जे नाही ते त्याला वरून घालावं लागतं, असा त्यामागचा विश्वास आहे.

तान्ह्या बाळाकडे बघितलं तर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. मुसलमानाच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान म्हणतात. मूल स्वच्छच जन्मलेलं आहे, निसर्गतः अल्लाहकडे कललेलं आहे. त्याला धुवायचं नाही, फक्त आठवण द्यायची. कॅथलिक घरी त्याच वयाच्या मुलाच्या डोक्यावर पाणी ओततात, कारण आदिपापाचा डाग घेऊनच माणूस जगात येतो अशी त्यांची श्रद्धा आहे. गोष्ट दोघांकडे एकच : आदम, त्याची बायको, मनाई केलेलं झाड, सैतानाची फूस. कुराणात दोघं चुकतात, पस्तावतात, अल्लाह तौबा कबूल करतो आणि प्रकरण तिथे मिटतं. कुणाचं ओझं दुसरा कुणी वाहणार नाही, हे कुराण पुन्हापुन्हा बजावतं. ख्रिस्ती धर्मात ते प्रकरण मिटत नाही. आदमच्या एका चुकीने माणसाचा स्वभावच मोडला, आणि मोडलेला माणूस आपला आपण नीट होऊ शकत नाही.

माझ्या मते इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्यातला फरक इथून सुरू होतो आणि बाकीचा बराचसा यातूनच उगवतो. माणसाचं दुखणं विसरण्याचं असेल तर त्याला रस्ता दाखवणारा पुरेसा आहे. दुखणं बुडण्याचं असेल तर रस्ता सांगून काय उपयोग? कुणी तरी पाण्यात उडी मारायला हवी. इस्लाममध्ये म्हणून पैगंबर येतात, एकामागून एक, आदमपासून मुहम्मदांपर्यंत, आणि ग्रंथ येतो. ख्रिस्ती धर्मात देव स्वतः येतो.

दोघांची तुलना करताना लोक कुराणासमोर बायबल ठेवतात आणि मुहम्मदांसमोर येशूला. वरवर सरळ दिसतं, पण मांडणी फसते. मुसलमानासाठी देवाचा शब्द जगात उतरला तो कुराणाच्या रूपाने. ख्रिस्ती माणसासाठी देवाचा शब्द उतरला तो माणूस होऊन, येशू होऊन. योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राची, सुरुवातच तशी आहे. तेव्हा कुराणासमोर ठेवायचा तो येशू. बायबल हे त्याच्याबद्दल साक्ष देणाऱ्यांचं लेखन. एवढं लक्षात घेतलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. अरबीचा एक शब्द न समजणारा मुरूडचा पोरगा अख्खं कुराण तोंडपाठ का करतो? कारण शब्द तेच हवेत, त्याच क्रमाने, त्याच उच्चारांनी. मराठीत त्याचा अर्थ कळेल, पण नमाजात चालणार नाही. आणि येशू स्वतः अरामाईक बोलत असूनही त्याची शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत याचं ख्रिस्ती माणसाला काहीच का वाटत नाही? कारण जपायचा आहे तो माणूस, त्याची भाषा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने ख्रिस्ताची कथा थेट मराठी ओव्यांत बसवली आणि १६१६ साली छापली. गोव्यातल्या नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे ती एकनाथी थाटात वाचली जात असेल, आणि त्यात कुणाला धर्म बुडाला असं वाटण्याचं कारण नव्हतं. मिस्सा मात्र पुढे साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच राहिला, १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत. तोवर आमच्याकडच्या कॅथलिकांनाही प्रार्थना पाठच कराव्या लागत. म्हणजे वर जे सूत्र मी मांडतोय त्याला चर्चनेच बरीच वर्षं दाद दिली नव्हती. असो.

आता येशूच्या आईची, मरियमची गोष्ट. नावाने उल्लेख असलेली ती कुराणातली एकमेव स्त्री. एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, तिच्याच नावाची. तिथे जिब्रील येतो, कुमारिकेला मूल होईल असं सांगतो, आणि तसं होतं. इथवर लूकचं शुभवर्तमान आणि कुराण हातात हात घालून चालतात. हजरत ईसा, म्हणजे येशू, कुमारिकेच्या पोटी जन्मले, त्यांनी आजारी बरे केले, मेलेले उठवले, ते मसीह आहेत, हे सगळं मुसलमान मानतो. जो मानत नाही तो मुसलमानच नव्हे. आमच्याकडच्या कितीतरी शिकलेल्या लोकांना हे माहीत नाही. सांगितलं तर खरं वाटत नाही.

दुकानात एकदा या प्रकरणावर चांगलीच जुंपली होती. मुरूडकडच्या एक चाची नातीचा ड्रेस टाकायला आलेल्या, आणि कोर्लईच्या एक मावशी बसलेल्या. नातीचं नाव मरियम, म्हणून विषय निघाला. मावशींनी गोठ्याचं वर्णन केलं : गाईगुरं, गवत, मेंढपाळ, आमची पोरं दर वर्षी करतात तसं. चाचींनी मान हलवली. गोठाबिठा काही नव्हता. खजुरीच्या झाडाखाली बाळंत झाली ती, एकटी. कळा सोसवेनात तेव्हा आवाज आला, बुंधा हलव, खजूर पडतील, ते खा.

“एकटी कशी असेल गं? नवरा होता ना, जोसेफ.”

“त्या वेळेला पुरुषाचा काय उपयोग गो?” चाची म्हणाल्या.

मावशी हसल्या, पण जोसेफ सोडला नाही. दोघींचंही बरोबर होतं. कुराणात जोसेफ नाही, गोठा नाही, बेथलेहेम नाही. खजुरीचा बुंधा आहे आणि एकटी पडलेली बाई आहे. पुढे ती बाळ घेऊन माणसांत येते, लोक नावं ठेवतात, आणि पाळण्यातलं बाळच तोंड उघडतं. त्याचं पहिलं वाक्य असतं : मी अल्लाहचा बंदा आहे. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातलं पहिलंच वाक्य नेमकं कशासाठी आहे ते चुकवू नये. कुराणाच्या आधी जवळजवळ सहाशे वर्षं जे ख्रिस्ती जग त्या बाळाला देवाचा पुत्र म्हणत होतं, त्याला हे उत्तर आहे.

याच सूरेची एक हकीकत जंजिऱ्याकडे बघताना मला हटकून आठवते. हिजरतीच्याही, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्याच्याही आधी, इ. स. ६१५च्या सुमारास, मक्केत छळ वाढला तेव्हा पैगंबरांनी काही अनुयायांना समुद्रापलीकडे हबश देशात पाठवलं. तिथे नजाशी नावाने ओळखला जाणारा ख्रिस्ती राजा होता. चौथ्या शतकापासून ते राज्य ख्रिस्ती होतं. मक्केच्या लोकांनी मागोमाग वकील पाठवले : आमची माणसं परत द्या. राजाने निर्वासितांना बोलावून विचारलं. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर यांनी सूरा मरियम म्हणून दाखवली. इब्न इसहाकने लिहिलेल्या पैगंबरांच्या चरित्रात आहे की राजा इतका रडला की दाढी भिजली. दुसऱ्या दिवशी वकिलांनी कळ लावली : ईसाला हे लोक बंदा म्हणतात, विचारा त्यांना. जाफरनी लपवलं नाही. तो अल्लाहचा बंदा आहे, त्याचा पैगंबर आहे, त्याचा आत्मा आहे आणि कुमारी मरियममध्ये टाकलेला त्याचा शब्द आहे, असं सांगितलं. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला, तू जे बोललास त्याच्यात आणि ईसामध्ये या काडीएवढाही फरक नाही.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया-इरिट्रियाचा भाग. कोकणातल्या सिद्दींना हबशी म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे ज्या किनाऱ्याने पहिल्या मुसलमानांना ख्रिस्ती छत्र दिलं, त्या बाजूचे लोक पुढे मुसलमान होऊन राजपुरीच्या खाडीत येऊन बसले आणि पलीकडे चौलात पोर्तुगीज ख्रिस्ती. इतिहासाला अशी फिरवाफिरव आवडत असावी.

पण ही गोष्ट सर्वधर्मसमभावाच्या भाषणात जशी सांगतात तशी संपत नाही. राजा हे बोलला तेव्हा भोवतालचे सरदार नाक फुरफुरू लागले, असं त्याच चरित्रात पुढे लिहिलंय. मला राजापेक्षा ते सरदार जास्त प्रामाणिक वाटतात. राजाने आसरा दिला, तो मोठा माणूस, पण काडी सरदारांना दिसत होती. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत बिशपांनी जे एवढं भांडून ठरवलं, की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, घडवलेला नव्हे, ते ‘बंदा’ या एका शब्दाने उडत होतं. आणि उलट बाजूने ‘पुत्र’ म्हटलं की कुराणाची एकशे बारावी सूरा, जी प्रत्येक मुसलमान पोराला पाठ असते, तीच मोडते : अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, तो कुणापासून जन्मला नाही, त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. अल्लाहच्या जोडीला कुणाला बसवणं हे इस्लाममध्ये सगळ्यात मोठं पाप. ख्रिस्ती माणूस म्हणतो, आम्हीही एकच देव मानतो. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. मुसलमान म्हणतो, मग एक म्हणून थांबा ना.

कोकणात भाऊबंदकी का पेटते हे ज्याला माहीत आहे त्याला हा वाद कळायला जड जाऊ नये. परक्याशी बांधावरून एवढं भांडण होत नाही. एकच मूळ पुरुष, एकच सातबारा, एकाच माजघरातल्या आठवणी, म्हणूनच एका हाताच्या पडवीसाठी पिढ्या कोर्टात जातात.

क्रूसाचंही तसंच. कोर्लईच्या चर्चमध्ये, घरात, गळ्यात क्रूस आहे; ख्रिस्ती धर्मातून तो काढला तर उरतं काय? देव माणूस झाला, माणसाच्या हातून मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि त्या मरणाने माणसाचं पाप फिटलं. कुराण चौथ्या सूरेत स्वच्छ नाकारतं : त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावर दिलं नाही, तसा त्यांना भास झाला, अल्लाहने त्याला स्वतःकडे उचलून घेतलं. मला आधी वाटायचं की हा तपशिलाचा वाद असेल. तसा तो नाही. मुसलमानाला हे पटत नाही की अल्लाह आपल्या लाडक्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देईल. ख्रिस्ती माणसाला नेमकी त्या विटंबनेतच देवाची ओळख पटते. एकाच्या देवाचा मोठेपणा वाचवण्यात आहे, दुसऱ्याच्या देवाचा न वाचण्यात. यातलं कुठलं बरोबर ते ठरवणारा मी कोण, पण दोन्ही एकच आहेत असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

रोजच्या व्यवहारात हे कसं उतरतं ते बघायला मौज वाटते. मशिदीत मूर्ती नाही, चित्र नाही. मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, नमाजाआधी हातपाय धुवायचा वजूचा हौद, चटया. नमाज पढवणारा पेशइमाम पुढे उभा राहतो तो जमातीतलाच एक म्हणून. तो नसेल तर दुसरा कुणी जाणकार उभा राहतो. त्याच्या हातून काही घडत नाही ज्यासाठी तोच लागतो. कॅथलिक पाद्रीचं तसं नाही. दीक्षा घेतलेल्या पाद्रीशिवाय भाकर आणि द्राक्षरस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होत नाहीत, कबुलीच्या वेळी पापाची क्षमा त्याच्याच तोंडून ऐकायची असते. मुसलमानाची तौबा थेट वर जाते, मध्ये कबुलीघराची जाळीची खिडकी नाही. आणि तो द्राक्षरस! एका धर्मात जो थेंब हराम, दुसऱ्यात तोच वेदीवरचा सगळ्यात पवित्र थेंब. लग्नातही हेच. निकाह हा करार आहे : साक्षीदार, नवऱ्याने बायकोला द्यायची मेहर, कबुली, करार म्हणूनच तो मोडताही येतो. कॅथलिक लग्न संस्कार आहे, देवाने जोडलेलं, म्हणून तिथे घटस्फोट नाही. (हे सगळं मी आमच्या डोळ्यांसमोरच्या कॅथलिकांबद्दल आणि सुन्नींबद्दल बोलतोय. १८२०च्या दशकात बाणकोट-हर्णैला आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांना वेदीवरच्या मूर्तींचं मुसलमानांइतकंच वावडं होतं.)

मासळीशिवाय कोकणातला कुठलाही लेख पुरा होत नाही, तर तेही. कोकणी मुसलमान शाफई या सुन्नी पंथाचे. अरबी समुद्राच्या व्यापारातून आलेल्या इस्लामची ती खूण, उत्तरेत बहुतेक हनफी. शाफई मतात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. हनफी मतात समुद्रातला फक्त मासा. नानांकडे उत्तर प्रदेशातला एक कारागीर होता, हाताला फार सफाई असलेला. एका गिऱ्हाइकाने ईदेला म्हाकुलाचं सुकं पाठवलं, तर याने डबा उघडून पुन्हा झाकण लावलं आणि विचारलं, “ये मछली है?” देणारा हाजी, खाणारा नमाजी, दोघंही सुन्नी, आणि म्हाकूल मध्ये आडवं. शेवटी ते आमच्या घरी आलं. ख्रिस्ती शेजाऱ्यांना समुद्रातलंच काय, कुठलंच अन्न निषिद्ध नाही. प्रेषितांच्या काळातच खाण्यापिण्याचे जुने नियम सुटले आणि सुंताही सुटली. त्यांच्याकडे बंधन आहे ते काळाचं : इस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आणि त्या काळातल्या शुक्रवारी मटण-कोंबडी नाही, मासे चालतात. आमच्या किनाऱ्यावर याला उपास म्हणायला धीर लागतो. हे कोर्लईचेच एक जण हसत म्हणाले होते, म्हणून मी लिहायला धजलो.

रोजा म्हणजे मात्र रोजा. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो; कोकणात मेमध्ये आला की घशाला कोरड काय असते ते कळतं. इस्टर फिरतो पण वसंतातच : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. उधाणाचा हिशेब ठेवणाऱ्या कोळ्याला हे दोन्ही लगेच समजतात, एकाचा महिना अवसेनंतरच्या कोरीवर सुरू होतो आणि दुसऱ्याचा सण पुनवेवर टेकलेला. २०२५ साली दोन्ही जवळ आले. इथे २ मार्चला पहिला रोजा झाला आणि ५ मार्चला राखेचा बुधवार. एकाच आठवड्यात बाजारात खजुरांचे ढीग लागले आणि कपाळावर राखेचे क्रूस दिसले. दोघंही पोट आवळत होते, पण एक जण आज्ञा म्हणून, कुराण उतरलं त्या महिन्याचा मान म्हणून. दुसरा रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूच्या सोबतीने, शोक आणि पश्चात्ताप म्हणून. रमजानच्या संध्याकाळी मोहल्ल्यात जत्रेसारखी जाग असते. गुड फ्रायडेला कोर्लईच्या वाडीत घरातलंच कुणी गेल्यासारखं वातावरण असतं.

दानधर्मावर लिहिण्यासारखं कमी आहे. जकात वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, हिशेबाने, आणि ख्रिस्ती दान ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे. आखातात राबलेल्या पैशातून कोकणातल्या किती पोरांच्या फिया भरल्या गेल्या ते ज्याचं त्याला माहीत.

आणि तरी दोघं वाट बघतात ती एकाच माणसाची. ख्रिस्ती धर्मश्रद्धेत येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येणार आहे. मुसलमानांच्या हदीसांतही ईसा परत येणार आहे. तो दज्जाल या खोट्या मसीहाला मारेल, क्रूस मोडेल आणि मग इतर माणसांसारखा मरण पावेल. पाहुणा एकच, पण तो आल्यावर काय करेल याबद्दल दोघांच्या अपेक्षा अगदी उलट आहेत.

या सगळ्यात आम्हा हिंदूंची अडचण वेगळीच. येशू देव की माणूस, यावर आम्ही चटकन म्हणतो, अवतार म्हणा की! वाद मिटला. पण अवतार म्हणजे पुनःपुन्हा येणारा. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा जोर ‘एकदाच’ या शब्दावर आहे. आणि अल्लाहचा अवतार ही कल्पनाच मुसलमानाला सोसणार नाही. सगळे एकच म्हणताना आपण दोघांनाही आपल्या देव्हाऱ्यात बसवत असतो आणि ते बसले असं धरून चालतो.

नानांनी तर खरोखरच बसवले होते. दुकानात मशीनच्या वर तीन तसबिरी : मध्ये गणपती, एका बाजूला एका गिऱ्हाइकाने दिलेलं मक्केतल्या काब्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला येशूचं पवित्र हृदय. सकाळी दुकान उघडलं की तिन्हींना झेंडूचे हार आणि एकच उदबत्ती डावीकडून उजवीकडे. बरीच वर्षं कुणी काही बोललं नाही. मग चाचीच एकदा म्हणाल्या, “नाना, काबा लावलास ते बरं केलंस. पण त्याला हार नको घालूस. तो देव नाही, दिशा आहे.” नाना विचारात पडले. दोन-चार दिवसांनी कोर्लईच्या मावशी आल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, येशूचं काय करू? मावशींना हार चालत होता. फक्त गणपतीला ओवाळलेली उदबत्ती पुढे येशूला नको, त्याला त्याची वेगळी लावा, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काब्याचा हार बंद झाला आणि येशूपुढे वेगळी उदबत्ती आली. वाचलेला हार नाना गणपतीला घालू लागले, त्याची काही तक्रार नव्हती.